हातचा

सारिलांपी नगरपालिकेत ऑक्टोबरात
बर्फाची किंमत ठरवायची असते.
बाहेर अजून पानंही पुरती गळलेली नसतात,
तळं उघडं, क्रौंच निघायच्या बेतात,
आणि आउने कोर्तेस्निएमी, हिशेब विभाग, दुसरा मजला,
विचारते: यंदा किती पडेल?

ताइस्तो, बर्फ हटवणाऱ्या गाडीचा चालक,
खिडकीबाहेर बघतो. त्याला माहीत नसतं.
म्हणून तो म्हणतो, दोन लाख चाळीस हजार.

लागतात दोन.
वरचे चाळीस कापले जाण्यासाठीच असतात,
शिंप्याने शिवणीत धरलेल्या मायेसारखे.
नगरसभेला ते माहीत असतं, म्हणून ती कापते.
ती कापणार हे ताइस्तोला माहीत असतं, म्हणून तो वाढवतो.
एकवीस वर्षं.
कुणी खोटं बोलत नाही,
नुसते सगळे एकमेकांना ओळखून आहेत.

आउनेला बेरीज शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या,
हातचा विसरू नकोस गं,
पुढच्या घरात न्यायचा असतो तो.
इथे उलटं.
एकतीस डिसेंबरच्या रात्री हातात उरलेलं सगळं वितळतं
आणि ज्याचं उरलं
त्याला पुढच्या वर्षी तेवढंच कमी.

परवा जुनी फाइल शोधायला ती तळघरात उतरली.
बेचाळीस खुर्च्या, प्लॅस्टिकसकट. वाचनालयाच्या.
लॅमिनेशनची तीन यंत्रं.
शाळेच्या स्वयंपाकघराचं एक पातेलं,
कुठल्याच शेगडीवर न बसणारं.
रायलीने मागितला होता एक सुरा, मे महिन्यात.
सुऱ्याच्या सदराखाली तेव्हा पैसे नव्हते.
पातेल्याच्या सदराखाली होते, डिसेंबरात.

ती एका खुर्चीवर बसली.
प्लॅस्टिक करकरलं.
बराच वेळ बसली.

बैठकीत म्हणाली:
या वेळी खरा आकडा आणा.
उरलं तर तुमचंच राहील, पुढच्या वर्षात न्या.
बर्फाची थैली वेगळी, पाच हिवाळ्यांची मिळून एक.
आणि दर तीन महिन्यांनी बसू,
चुकलेलं चुकलं म्हणू.

सगळे कॉफीकडे बघत राहिले.
या गावात गप्प बसणं हेही बोलणंच असतं,
फक्त ते ऐकायला वेळ लागतो.
वाचनालयाची मार्युक्का म्हणाली,
आधी नगरसभेकडून लिहून घे.
मग पुन्हा कॉफी.
मग ताइस्तो, टेबलाला उद्देशून:
गेल्या सालची साठ टन वाळू
ताडपत्रीखाली आहे अजून.
यंदा वाळू नको.

कुणीतरी चमचा खाली ठेवला.
मला सुरा हवा, रायली म्हणाली. एकच.

बर्फाच्या चौकटीत आउनेने लिहिलं: माहीत नाही.
चौकट लाल झाली. तिथे अक्षरं चालत नाहीत.
तेव्हा तिने नऊ हिवाळ्यांची सरासरी घातली
आणि शेऱ्यात लिहिलं,
हा अंदाज आहे, जानेवारीत पुन्हा विचारा.

नोव्हेंबरात नगरसभेने थैली मंजूर केली,
आणि बाकी सगळ्यातून दहा टक्के कापले.
रागाने नाही. हात सवयीने कात्रीकडे गेला, इतकंच.
मायाच ठेवली नव्हती,
कात्री थेट कापडात शिरली.
मार्युक्काने आउनेकडे पाहिलं
आणि काही बोलली नाही, हे तिचे उपकार.

एकतीस डिसेंबर, दुपारी तीन, अंधार.
तळघरात नवीन काही आलेलं नाही.
ताइस्तोच्या खात्यावर उरलेत अठरा हजार चारशे.
ते आउनेने पुढच्या घरात लिहिले,
बारीक आकड्यांत, डोक्यावर,
बाई शिकवायच्या तसे.

बाहेर पाऊस. बर्फ नाही, पाऊस,
आणि पडल्या जागी गोठणारा.
सगळा रस्ता काच झालेला.
ताइस्तो ताडपत्री उचलायला गेला.