फुली

मॅनेजरने पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवली होती.
"इथे. आणि मागच्या पानावर, इथे."
मी केली.
बत्तीस वर्षं देवगड स्टँडवर लॉगशीटवर सह्या करत आलो,
विजयदुर्ग सात पाच, मालवण सात वीस,
मिठबावची मुक्कामाची, उशिरा.
एकाही सहीने मला रात्री उठवलं नव्हतं.
ही कशाला उठवील?

लवू कुबल शेजारी उभा होता, हात मागे बांधून,
चौथीच्या वर्गाबाहेर उभा राहायचा तसाच.
"विश्राम, तुका काय भरूचा नाय.
नावाक फक्त."

नावाक.
आमच्याकडे नावाला म्हणजे चिमूटभर, देखल्या देवा.
बँकेकडे नावाला म्हणजे
नावावर.

इंजिन आलं. निळं, सहा सिलिंडरचं.
जेटीवर नारळ फुटला, खोबरं मीही खाल्लं.
दोन वर्षं हप्ते गेले.
मग बांगडा गेला.
मग एका रात्री जाळं गेलं, दोरासकट,
मग लवू गेला,
म्हणजे गोव्याला, कुणाच्या तरी ट्रॉलरवर खलाशी.
फोन वाजतो. नुसता वाजतो.

नोटीस माझ्या दारात आली.
ती घेऊन मी बँकेत गेलो आणि शहाण्यासारखा म्हणालो,
"बोट आनंदवाडीला आहे, वाळूवर. आधी ती विका.
कमी पडलं तर मी आहेच."
नवा अधिकारी लातूरकडचा, मिसरूडही धड न फुटलेला,
त्याने फाइल माझ्याकडे फिरवली
आणि कलम नऊवर बोट ठेवलं.
मी बोट दाखवत होतो, त्यानेही बोटच दाखवलं.
"काका, आधी कुणाकडे जायचं ते बँक ठरवते.
कर्जदार आणि जामीनदार, आमच्या लेखी एकच माणूस."

एकच माणूस.
मी आणि लवू.
इतकं तर आम्हाला कुणी
एका ताटात जेवत होतो तेव्हाही म्हटलं नव्हतं.

ग्रॅच्युइटीची ठेव त्याच बँकेत होती.
पासबुक छापायचं यंत्र थोडं कुरकुरलं,
चार लाख सदतीस हजार, एका ओळीत.
घरी सुनंदाने काही विचारलं नाही.
फक्त त्या दिवसापासून
रद्दी देतानाही ती प्रत्येक कागद
दोन्ही बाजूंनी वाचते.

जाताना त्या पोराने एक पत्र दिलं, वर चहाही पाजला.
"कर्ज तुम्ही फेडलंत काका, आता बँकेचे हक्क तुमचे.
बोटीवरचा बोजा तुमचा. तुम्ही वसूल करा.
खाली पोच म्हणून सही करून पाठवा."

संध्याकाळी आनंदवाडीला गेलो.
'वाघेश्वरी' टेकूवर कलंडलेली, बुडाला कालवं चिकटलेली,
इंजिनावर ताडपत्री, ताडपत्रीवर मांजर.
बोटीच्या सावलीत शेवंती सुकट निवडत होती.
मला पाहून उठली, हात लुगड्याला पुसले.
"भावजीनू, बसा."
बसायला काही नव्हतं.

बोलायचं ते मी वाटेत घोकलं होतं.
मुद्दल, व्याज, मुदत.
तोंड उघडलं तर आवाज
त्या लातूरच्या पोराचा येईल असं वाटलं,
म्हणून विचारलं, "सुकट कशी दिली?"
तिने दोन ओंजळी कागदात बांधल्या.
मी पन्नासची नोट काढली.
"तुमच्याकडसून पैशे घेव मी?"
आणि नोट माझ्याच खिशात कोंबली,
त्याच खिशात, पत्राच्या मागे.

लवूचं नाव तिने काढलं नाही.
मीही नाही.
मांजर तेवढं उठून इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला गेलं.

पत्र पासबुकात ठेवलंय.
फाडलं नाही. एवढा मोठा माणूस मी नाही.
खाली सहीची जागा कोरी आहे,
तिथे कुणी फुली मारलेली नाही.

सुकट चांगली होती.
मीठ जरा जास्त.