हत्यारं

पहिल्याच दिवशी मी सांगितलं,
जाताना हत्यारं मोजायची.
लॉरी मॅकास्किल हसला. आवाज नाही, फक्त खांदे हलले.
"तिथंही मोजायचे," म्हणाला,
"फळीवर एकेकाची काळी सावली रंगवलेली.
एक जरी सावली उघडी दिसली
की सगळे भिंतीला तोंड करून उभे,
गाद्या फाडलेल्या, जेवण गार."

मी म्हटलं, इथे गंजू नयेत म्हणून मोजतो.

ग्लासगोच्या गोव्हनमधली ही शेड. मागे क्लाइड नदी.
कधीकाळी इथे जहाजांचे दोर वळायचे,
आता आठ लाकडी कोनाडे, आठ माणसं.
सोमवारी कोनाडा लिंपायचा,
शुक्रवारी आपणच खरवडून काढायचा.
डूगी शिव्या घालतो: एवढी गुळगुळीत भिंत, आणि पाडायची?
लॉरी गुपचूप खरवडतो.
पाडलेला आठवडा बादलीत भरतो, झाडू मारतो.

गिलाव्याला एक वेळ असते.
बोट टेकवलं तर ठसा उठावा, पण बोट कोरडं राहावं,
ती वेळ.
आधी थापी फिरवली तर ओरखडे,
नंतर फिरवली तर दगड.
किती मिनिटं, मास्तर? सगळे विचारतात.
मी घड्याळ दाखवत नाही, खिडकी दाखवतो.
आज धुकं आहे, थांबा.

लॉरीला थांबणं शिकवावं लागलं नाही.
बाकीचं शिकवावं लागलं.
संडासला जाताना विचारायचं नसतं.
जेवण सात मिनिटांत संपवायचं नसतं.
बसचं तिकीट फोनमध्ये असतं.
येत नाही म्हटलं तर इथे कुणी हसत नाही.
(हे खोटं होतं. डूगी हसतो.)

मार्चमध्ये पेटिग्रू आणि कंपनीत मुलाखत.
मधल्या एकोणीस वर्षांचं काय?
त्याच्याकडून तीन वाक्यं घोटून घेतली होती मी.
तिन्ही विसरला. वर बघत राहिला, मग म्हणाला,
"तुमचं छत त्या कोपऱ्यात पोकळ आहे."
नोकरी मिळाली नाही.
छत जूनमध्ये पडलं म्हणे.

मग पेझलीची इशबेल गिलक्रिस्ट. दोन व्हॅन, एक कुत्रा.
तिने सरळ विचारलं, काय केलंस?
त्याने सरळ सांगितलं.
ती बराच वेळ कुत्र्याचे कान चोळत बसली.
"साडेसातला येशील?"

शेवटच्या दिवशी प्रत्येकाला पाच हत्यारं देतो आम्ही,
घरी न्यायला, कायमची.
लॉरी दारातच थांबला.
"ही माझी आहेत असं लिहून द्या."
कशाला रे?
"बसमध्ये कुणी पिशवी उघडली तर."
सिमेंटच्या गोणीचा कागद फाडला,
त्यावर लिहिलं: एक थापी, एक रंधा, एक ओळंबा, एक गुण्या, एक पाटी.
मालक: एल. मॅकास्किल.
खाली सही केली. त्याने तारीखही घालायला लावली.

त्याचं आधीचं हत्यार
प्लास्टिकच्या पिशवीत, नंबराची चिठ्ठी लावून,
कोर्टात हातोहात फिरलं होतं.
हे त्याने एकदाच सांगितलं, नळाखाली थापी धुताना.
"त्या पोराला यंदा बेचाळिसावं लागलं असतं."
नळ वाहत होता.
मी बंद केला नाही.
मला काही सुचलंही नाही, खरं सांगायचं तर.

काल रात्री त्याचा मेसेज आला.
कुणा म्हातारीचा जिना लिंपतोय,
ती किल्ली देऊन बहिणीकडे गेली आहे,
घरात तो एकटा, चार दिवस.
खाली एवढंच: "मोजली. सहा."

सहा?
मी पाच दिली होती.
चष्मा लावून पुन्हा वाचलं,
मग फोनच केला.

कोपऱ्यांसाठी लहान करणी लागते, म्हणाला,
पगार झाला, घेतली.
पावती आहे.