बेपेर्केन

मंगळवारी अकराला मार्लुस येते, ओली सायकल
कुंपणाला टेकवते, पिशवीतून कार्डं काढते.
एका कार्डावर एक क्रियापद.
क्राईन खिडकीशी. उजवा हात मांडीवर,
कुणी विसरून गेलेल्या मोज्यासारखा.

आजचं : बेपेर्केन.
"मर्यादा घालणं," ती म्हणते. "सकर्मक आहे हं.
नुसतं चालत नाही. कशाला, ते सांगावं लागतं."

छत्तीस वर्षं त्यानं स्खेल्डाच्या मुखाशी
दरवाजे सांभाळले.
पाणी इथवर, याच्यापुढं नाही,
एवढंच लोखंडाकडून रोज वदवून घेतलं.
तेव्हा हा शब्द कधी लागलाच नाही.
आता "बे" म्हणतो,
आणि "बे"पाशीच ओहोटी.

याकोमिना आतून वाक्यं पुरवते :
डॉक्टर म्हणतात, मीठ बेपेर्केन.
विमेवाला म्हणतो, नुकसान बेपेर्केन.
दुधाच्या खोक्यावरसुद्धा तेच, किती दिवस टिकेल त्याचं.
"आणि मी, मलाच," म्हणते,
नि नळ मोठा सोडते.
"तिथं मध्ये 'स्वतःला' येतं," मार्लुस हळूच सुधारते,
मग कानात पाणी गेल्यासारखी गप्प.

बराच वेळ कुणीच काही नाही.
घड्याळ. सायकलवरून ठिबकणारं पाणी.

क्राईनचा डावा हात उठतो, काचेवर टेकतो.
बाहेर डेलियाचा वाफा, कडेनं
शिंपल्यांची कवचं, त्यानंच लावलेली,
एक एक, तिरकी.
"पेर्क."

वाफा.
क्रियापदाच्या पोटातून
नाम तेवढं अख्खं बाहेर काढलं त्यानं.
सातव्या आठवड्यातला पहिला पूर्ण शब्द.

(हे मराठीत लिहिताना माझाही हात थबकला :
झाडाला आळं करतो आपण,
पाणी मुळाशी राहावं म्हणून,
आणि आळा घालतो तो सगळ्या नकोशांना.
एका मात्रेचा फरक.
कुठलं कुठून आलं, मला माहीत नाही.)

मार्लुसनं वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं.
ती गेल्यावर क्राईन दिवसभर पेर्क.
मांजराला पेर्क. बातम्यांना पेर्क.
रात्री बूट काढताना पेर्क, पेर्क,
भांडल्यासारखा.

सकाळी याकोमिनानं कॉफी ठेवली.
त्यानं कपात पाहिलं, मग तिच्याकडे.
"पेर्क."
"एकच चमचा," ती म्हणाली,
आणि दोन घातले.