नंबरप्लेट

गोळी सुरू झाल्यापासून आठचा आकडा
एका दमात होत नाही.
मनगटाखाली डबा ठेवतो, श्वास रोखतो,
तरी एमएच एकतीसचा तीन
उन्हातल्या डांबरासारखा हलतो.

तोंडाला लोखंडाची चव. वजन नऊ किलो जास्त.
धंतोलीचे डॉक्टर म्हणतात, मे महिना आहे,
पाणी सोडू नका, मीठ सोडू नका,
रक्त तपासून या.

मागच्या मार्चात हात हलत नव्हता.
तीन रात्रींत चाळीस पाट्या रंगवल्या
नसलेल्या गाड्यांच्या,
छबूच्या पाटल्या विकून.
मग पोळ्यापर्यंत भिंतीकडे तोंड.

रात्री गोळी तळहातावर घेतो. तीही हलते.
गिळतो.

आज एक स्कूटरवाला
आठकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.
"चालते न भाऊ," म्हणाला, "वाचता येते."