टोकं

दोरी तुटली की हेडली थ्वेट शिवी देत नाही,
आधी टोक बघतो.
चष्मा कपाळावर, तंगूस डोळ्याला लागेल इतका जवळ,
गिरणीत होता तेव्हा लोकरीचा धागा बघायचा तसा.

डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर
गाठ तुझी सैल होती, पोरा.
खरबरीत, पांढुरकं असेल तर तळातला दगड, नाहीतर शिंपल्याची धार.
आणि हे असं, सरळ,
शिंप्यानं कात्री मारावी तसं –
तो हनुवटीनं पलीकडच्या लव्हाळ्याकडे दाखवतो –
ती.
पाईक म्हणत नाही. नुसतं ती.

ऑक्टोबर. स्वेल नदी कोऱ्या चहाच्या रंगाची.
नऊ वाजायच्या आत चार गळ गेले, अठरा नंबरचे,
तांदळाच्या कणीएवढे.
त्यांच्याबरोबर दोन डेस, आणि पंजाएवढा एक रोच
काठापासून दोन हातांवर आलेला.
मी जाळं पुढे केलं, आणि पाण्यात
एक ओंडका वळला.
जाळ्यात चार खवले.

"तार लाव ना टोकाला."
"तारेला रोच शिवत नाही. डोळे आहेत त्यांना."
"मग जागा बदलू."
यावर तो अळ्यांच्या डब्याचं झाकण उघडतो, लावतो.

तुटकी टोकं तो गवतात टाकत नाही,
बदकांच्या पायांत गुंततात.
खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत ठेवतो.
डबी भरत आलीय.

गेल्या वर्षी पुलाखाली, पाऊस थांबायची वाट बघताना,
मी मूर्खासारखं विचारलं होतं,
एव्हिस का गेली म्हणून.
त्यानं नवा गळ बांधला, गाठ थुंकीनं ओली केली,
हळू आवळली, ओढून बघितली.
"शेपटी होती," म्हणाला.

अकराच्या सुमाराला माझं बूच बुडालं, काठी वाकली,
जड, चांगलं जड, मग काहीच नाही.
दोरी हलकी होऊन गालावर येऊन बसली.
टोक वळलेलं होतं.
हेडली थर्मासमधून चहा ओतत होता, पाठ माझ्याकडे.
मी ते दाढेखाली धरून तोडलं.
"ती," मी म्हणालो.

त्यानं टोक घेतलं. चष्मा वर सरकवला.
बराच वेळ बघितलं.
मग डबी उघडून माझ्यापुढे धरली.