आवक क्रमांक

राजपत्र आलं तेव्हा टेबलावर
शेंगाचटणीचा डबा उघडाच होता.
शंभर एकरांवरचा प्रकल्प
यापुढं राज्याची समिती तपासणार,
हरकतींचे साठ दिवस होते, त्याचे पंधरा झाले.
सोलापुरात आमच्याकडं उरला
आवकचा शिक्का
आणि तेलकट बोटं.

पंधराव्या दिवशी पावणेसहाला
नागम्मा येलदी आल्या, हिप्परग्याच्या अंगानं,
टॉवेल कारखान्याच्या बिलामागं
लिहिलेला अर्ज घेऊन.
"गट एकशे बारा पडीक दाखवलाय तुमच्या नकाशात.
तिथं ओढा आहे की ओ.
उन्हाळ्यात दिसत नाही,
म्हणून नाहीच म्हणायचं का ओ?"

नकाशा माझा नव्हता. तसं मी म्हटलं नाही.
म्हटलं, तीन प्रती लागतात,
झेरॉक्सवाला तर गेला.

बाकावर बसून त्यांनी
उरलेल्या दोन हातानंच उतरवल्या.
एकीत ओढा ऐसपैस,
एकीत समासाला चेंगरलेला,
आणि मूळ अर्जात, बिलाच्या पाठीवर,
घामानं पसरून
थेट सर्व्हे नंबरापर्यंत पोचलेला.

सहा वाजून गेले.
सहानंतर शिक्क्यावरची तारीख
उद्यावर फिरवायची, असा नियम.
माझा अंगठा त्या चाकावर होता.
फिरवला नाही.

"उशीर झाला बाई तुम्हाला,
आता रिक्षासुद्धा मिळायची नाही."

पिशवी काखेत मारत,
दारातून अर्धवट वळून
त्या म्हणाल्या,
"हरकत नाही."

मी दचकून मागं पाहिलं,
साहेबांच्या केबिनमध्ये
कुणी ऐकलं तर नसेल?