एक कान मशीनला

चौदाशे होते.
शाळेच्या एकतीस गणवेशांचे पैसे आले,
त्यातून दोरा, बटणं, मशीनचं तेल वजा जाता
चौदाशे. बसचे पन्नास वेगळे,
पदराच्या गाठीत.

आरमोरीला, स्टँडसमोर, बुरांड्यांच्या पोराचं दुकान.
"पोरासाठी का, काकू?"
"नाई. माह्यासाठी."
तो माझ्या पांढऱ्या भांगाकडे पाहत राहिला.

पहिला चढवला
तर बांधीतल्या खेकड्यानं
दोन्ही नांग्यांत डोकं धरलं.
चष्म्याच्या काड्या कानामागे रुतल्या,
कुड्यांच्या फिरक्या मानेत.
"वापरल्यानं सैल होते."
चपलेवालाही हेच म्हणतो.
फोड पायाला येतात.

दुसऱ्याच्या खोक्यावर वीज कडाडलेली.
त्याला माझा मोबाइल जोडला,
गावची दंडार लावली,
भाच्यानं मंडईच्या रात्री भरलेली.
मोबाइलच्या पोटात मृदंग म्हणजे
डालड्याचा रिकामा डबा.
माझा बाप वाजवायचा, म्हणून सांगते,
तसा नसतो तो.
इथे उलटंच. मृदंगच मृदंग,
एखाद्या घरात एकटाच माणूस बोलतो तसा.
पेटी कोपऱ्यात दबून,
गाणाऱ्याचे शब्द उंबऱ्याबाहेर.
"बास लय हाये याले!" पोरगा खुशीत.
"तेच म्हन्तो ना मी."

मग शिवण पाहिली. हे मला येतं.
कानाच्या गादीला रेक्झिन, टाका लांब,
कडेला दाब सोडलेला नाही.
आमच्या उन्हाळ्याचा घाम एकदा लागला
की महिन्याभरात स्पंज बाहेर.
चड्डीची कोणती शिवण कुठे हार मानते
हे बोटाला कळतं,
खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

तिसरा वरच्या फळीवरून उतरवला. धूळ.
काळा, साधा, वायरवाला.
"हा कोनी घेत नाई, काकू. वायर हाये."
असू दे की.
वायर तुटली तर बाजाराच्या दिवशी
रेडिओवाले डोमळे डाग देतात.
बिनवायरचा रुसला तर
मी कोणाच्या दारात जाऊ?
गादी कापडाची, टाका बारीक.
कुड्या आत मावल्या.
चष्म्यानंही तक्रार केली नाही.

उभ्याउभ्याच ऐकलं.
दंडार, मग कव्वाली,
मग रेला, गोंडी मला अर्धीच कळते तरी,
मग लेकीनं भरून दिलेलं इंग्रजी काहीतरी,
ज्यात एक बाई गाण्याआधी
नुसता श्वास घेते.
सगळे एका पंगतीत बसले.
कोणाचं कोपर कोणाच्या पत्रावळीत नाही.
पुन्हा दंडार लावली. पोरगा घड्याळ पाहू लागला.
डावीकडे, मृदंगाच्या जरा मागे,
कोणी बाई हसली.
दोन वर्षं ऐकतेय मी ही दंडार,
ही बाई कधी नव्हती त्यात.
मागे नेऊन ऐकलं.
मीच होते.

साडेपंधराशे म्हणाला. मी खाली ठेवला.
साडेचौदाशे.
गाठ सोडली.

वैरागडच्या रस्त्याला पायी लागले.
निम्म्या वाटेत गेडामांच्या ट्रॅक्टरनं घेतलं,
मागे कोंड्याची पोती.
खोकं मांडीवर, वरून पदर.
उघडलं नाही. धूळ होती,
आणि गेडाम विचारत होता, काय घेतलं.
"टोपी," म्हटलं.

रात्री मशीनवर बसले.
आणखी सहा सदरे, सोमवारी द्यायचे.
दोन्ही कान झाकले. पाय चालू.
बापासारखीच थाप, जरा उशिरानं पडणारी,
ती मला आधी कधी
एवढी जवळून ऐकू आली नव्हती.
सुरेख झाली बाही. उचलून पाहिली.

दोरा केव्हाच तुटला होता.
खांद्यापासून मनगटापर्यंत
सुईची भोकं, एका रांगेत, अगदी सरळ,
आणि टाका एकही नाही.

उजवा कान उघडा केला मग,
तो मशीनला दिला.
बाही पुन्हा घातली दाबाखाली.
उसवायला तरी काय होतं.